तारा कोणाला, शाबासकी कशाची?



पहिली ते चौथीच्या वर्गांत मुलांना बक्षिसे द्यावीत की नाही, आणि द्यायची तर कशाबद्दल, हा विषय आमच्या पालकसभांत वारंवार निघतो. काही पालक म्हणतात, "बाई, काहीतरी द्या, त्याशिवाय आमचा मुलगा वही उघडतच नाही." काहींना वाटते, की लहानपणापासून अशी सवय लागली तर पुढे प्रत्येक कामाला हा हात पुढे करील. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणून प्राथमिक विभागाच्या आम्ही शिक्षकांनी या विषयाचा थोडा अभ्यास केला, आमच्या वर्गांत काय चुकले आणि काय जमले ते तपासले. तेच या लेखात मांडत आहोत.

आमचीच एक चूक

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. आम्ही तिसरीच्या वर्गात एक तक्ता लावला होता. डावीकडे मुलांची नावे आणि पुढे चौकोन. गृहपाठ पूर्ण, गणवेश स्वच्छ, वेळेवर हजर, अक्षर सुंदर, यांतल्या प्रत्येक गोष्टीला एक चमकीचा तारा. पहिला आठवडा फार आनंदात गेला. महिनाभराने तक्ता पाहिला तेव्हा सात-आठ नावांपुढे ताऱ्यांची रांग होती, बाकीच्यांपुढे तुरळक, आणि दोन नावांपुढे एकही नव्हता.

एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर त्या दोनपैकी एका नावापुढे तारा दिसला. तो आमच्या पाकिटातला नव्हता. वहीच्या पुठ्ठ्याचा कापलेला, पेन्सिलीने पिवळा रंगवलेला आणि भाताच्या शिताने चिकटवलेला. वर्गातल्या मुलांनी लगेच तक्रार केली, "बाई, त्याने स्वतःच लावला!" आम्ही रागावणार होतो. पण तो मुलगा खाली मान घालून बसला होता, आणि आमच्याने बोलवले नाही.

चौकशी केली. आई-वडील दोघेही कारखान्यात पाळीवर जातात. सकाळी धाकट्या बहिणीला शेजारी सोडून तो शाळेत येतो, म्हणून उशीर होतो. घरी वारली बोलतात, त्यामुळे मराठीतला गृहपाठ समजावून सांगणारे कोणी नाही. गणवेश एकच. आम्ही ज्या चार गोष्टींना तारे ठेवले होते, त्यांतली एकही त्या मुलाच्या हातात नव्हती. त्या आईच्या हातात होत्या, घड्याळाच्या हातात होत्या, किंवा घरच्या परिस्थितीच्या. तक्ता मुलांचा होता, पण तारे आम्ही घरांना वाटत होतो.

आम्ही तक्ता उतरवला. त्याने केलेला तारा मात्र जपून ठेवला आहे. पुढचे सर्व विचार त्या ताऱ्यापासून सुरू झाले.

छडी गेली, पुढे काय?

आपल्यापैकी अनेक पालक छडीच्या काळात शिकले. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. ही मनाई योग्यच आहे. पण छडी गेल्यावर तिच्या जागी चॉकलेट आले, तर मुलाच्या मनात फारसा बदल झाला असे म्हणता येत नाही. पूर्वी तो भीतीने पाढे म्हणत होता, आता आशेने म्हणतो. पाढ्यांची गोडी दोन्ही वेळा दूरच राहते.

शाळेत येण्यासाठी काहीतरी देणे ही कल्पना तशी जुनी आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारची शालेय पोषणाची योजना सुरू झाली, तेव्हा अनेक राज्यांत शिजवलेल्या अन्नाऐवजी दरमहा ३ किलो धान्य मिळे, आणि त्यासाठी ८० टक्के हजेरी लागे. शेजारच्या महाराष्ट्रात १९९२ साली दुर्बल घटकांतील मुलींसाठी रोज १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर धान्याच्या जागी शिजवलेले जेवण आले. या योजनांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्या पहिल्या नंबरासाठी नव्हत्या, येण्यासाठी होत्या. धान्य आणि जेवण यांनी घराची एक अडचण थोडी हलकी केली. मात्र मूल वर्गात येऊन बसल्यावर त्याचे मन तिथे रमवण्याचे काम तांदूळ करू शकत नाही. ते शिक्षकाचे काम आहे.

कोसबाडच्या टेकडीवर काय घडले

याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारी आहे. सिल्वासाहून तलासरी ओलांडून डहाणूकडे गेले की बोर्डी आणि कोसबाड लागते. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले वारल्यांची, म्हणजे आपल्या खानवेल-दुधनीकडच्या पाड्यांवरच्या मुलांसारखीच.

मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी मुलांना आळशी ठरवले नाही. मुले का येत नाहीत ते पाहिले. काही मुले अंगणातून हलत नव्हती, म्हणून बालवाडीच अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द आणि ही कल्पना त्यातून आली. काही मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली, तिला 'कुरणशाळा' म्हणत. मोठ्या मुलींच्या कडेवर लहान भावंडे असत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. साहित्य महागाचे नव्हते. शिंपले, खडे, बिया, पाने यांतूनच मोजणी, वर्गीकरण आणि रंगओळख होत असे.

ताराबाई ज्या गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम करत होत्या, त्या गिजुभाईंचा बालशिक्षणात बक्षीस आणि शिक्षा या दोन्हींना विरोध होता. मारिया मॉन्टेसरी यांचेही मत तेच. १९०७ साली रोममध्ये त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. अशा एका वर्गात त्यांना दिसलेला प्रसंग त्यांनी लिहून ठेवला आहे. एका मुलाला चांगल्या वागणुकीबद्दल पदक मिळाले होते आणि दुसऱ्याला शिक्षा म्हणून खुर्चीवर बसवले होते. पदकवाला आपल्या कामात इतका गर्क होता, की पदक गळून पडले तरी त्याला पर्वा नव्हती. त्याने ते खुर्चीवरच्या मुलाला देऊन टाकले आणि तो पुन्हा कामाला लागला. पदकाचे कौतुक होते ते रिकामा बसलेल्याला.

आपल्या शाळेत एका वर्गात मुले अधिक, साहित्य कमी आणि अभ्यासक्रम ठरलेला. त्यामुळे बक्षीस अजिबात नको, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करत नाही. पण क्रम कोसबाडने शिकवला: आधी अडचण दूर करा, मग काम गोडीचे करा, आणि त्यानंतर लागलेच तर बक्षीस द्या.

अभ्यासकांनी काय पाहिले

परदेशात या विषयावर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. आमच्या उपयोगाचे तीन थोडक्यात सांगतो.

पहिला प्रयोग १९७३ सालचा, अमेरिकेतला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतली अशी मुले निवडली, की ज्यांना स्केचपेनने चित्रे काढायला मुळातच आवडत असे. काहींना आधी सांगितले, की चित्र काढलेस तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना काही न सांगता चित्र झाल्यावर अचानक तेच दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात स्केचपेन पुन्हा ठेवले, तेव्हा ज्यांना आधी कबूल केले होते ती मुले इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रे काढत होती. ज्यांना अचानक मिळाले त्यांची आवड कमी झाली नव्हती. म्हणजे आवडीच्या कामाला आधी भाव ठरवला, की आवड उतरते. पुढे अशा अनेक प्रयोगांचा एकत्र अभ्यास झाला. त्यात हेही दिसले, की मुळातच कंटाळवाण्या कामाला बक्षीस ठेवले तर तसे नुकसान होत नाही. यावरून आम्ही वर्गापुरती विभागणी केली. पाढे, सुलेखन, शुद्धलेखनाचा सराव यांना छोटे बक्षीस चालेल. चित्रकला, गोष्ट, गाणे, प्रयोग यांना नको.

दुसरा प्रयोग १९९८ सालचा, म्यूलर आणि ड्वेक यांचा, पाचवीच्या मुलांवरचा. कोडी सुटल्यावर काहींना "तू हुशार आहेस" असे म्हटले, काहींना "तू मेहनत घेतलीस" असे. त्यानंतर मुद्दाम अवघड कोडी दिली. 'हुशार' म्हटलेली मुले अपयश आल्यावर लवकर नाउमेद झाली, आणि आपले गुण सांगताना त्यांच्यापैकी अधिक मुलांनी ते वाढवून सांगितले. 'मेहनती' म्हटलेली मुले अवघड कोड्यांना भिडली. अशा कौतुकाचा परिणाम पुढच्या सर्व अभ्यासांत तेवढाच मोठा दिसला नाही. तरीही शब्द निवडून वापरावा, एवढे नक्की.

तिसरा रोलंड फ्रायर या अर्थतज्ज्ञाचा, २०११ साली प्रसिद्ध झालेला. न्यूयॉर्कमध्ये चौथी आणि सातवीच्या मुलांना परीक्षेतल्या गुणांबद्दल पैसे दिले. फरक पडला नाही. "अधिक पैसे मिळवायला काय कराल?" असे विचारले तेव्हा मुले उत्तरपत्रिका तपासू, घाई करणार नाही, असे सांगत. अधिक वाचू किंवा न समजलेले शिक्षकांना विचारू, हे त्यांना सुचत नसे. डॅलस शहरात दुसरीच्या मुलांना पुस्तक वाचण्याबद्दल दर पुस्तकाला २ डॉलर दिले. तिथे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचे वाचन सुधारले, पण घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांना तसा लाभ दिसला नाही.

हा शेवटचा भाग वाचताना आम्हाला आपला वर्ग आठवला. एकाच बाकावर खानदेशातून आलेल्या कुटुंबातली मुलगी आणि वारली बोलणारा मुलगा बसतो. रस्त्यावर गुजराती, कारखान्यात हिंदी. ज्या मुलाला शब्दच कळत नाहीत, त्याला तारा दाखवून काय उपयोग? त्याच्याजवळ बसून शब्द समजावून द्यायला हवा.

आता आम्ही वर्गात काय करतो

या सर्वांतून आम्ही काही साध्या पद्धती ठरवल्या आहेत.

१. बक्षीस कृतीला. 'आज पाच नवे शब्द वाचले', 'चुकलेले गणित पुन्हा सोडवले', 'शेजाऱ्याला समजावून दिले', 'हात वर करून प्रश्न विचारला'. या सर्व गोष्टी वर्गातच होतात आणि प्रत्येक मुलाच्या हातात असतात.

२. चिंचोक्यांची बरणी. टेबलावर एक काचेची बरणी. वरीलपैकी काही चांगले घडले की त्यात एक चिंचोका पडतो. कोणी मिळवला ते लिहून ठेवत नाही, बरणी सर्व वर्गाची. भरली की एक तास गोष्टीचा, किंवा झाडाखाली वर्ग, किंवा मैदानावर जादा खेळ. काय ते मुलेच हात वर करून ठरवतात. एक नियम आम्ही काटेकोर पाळतो: टाकलेला चिंचोका शिक्षा म्हणून परत काढायचा नाही. नाहीतर "तुझ्यामुळे गेला" म्हणून एकाच मुलावर सगळा वर्ग तुटून पडतो.

३. मानाची कामे. घंटा वाजवणे, हजेरीपत्रक कार्यालयात नेणे, फळ्यावर सुविचार लिहिणे, कुंड्यांना पाणी घालणे, पुस्तकपेटीची किल्ली सांभाळणे. ही कामे आम्ही पाळीपाळीने सर्वांना देतो. उशिरा येणाऱ्या त्या मुलाला आम्ही मधल्या सुट्टीनंतरची घंटा दिली. ती त्याने एक दिवसही चुकवली नाही. सकाळचा उशीर अजून अधूनमधून होतो, कारण घरची अडचण अजून आहे. पण आता तो दारात रेंगाळत नाही, आत येतो आणि वही काढतो.

४. वहीतला शेरा. नुसते 'छान' लिहिण्याऐवजी काय छान ते लिहायचे. "वेलांटी आज कुठेच चुकली नाही." "वजाबाकीत हातचा बरोबर घेतलास." एक ओळ लिहायला फार वेळ लागत नाही, आणि मुले ती घरी दाखवतात.

५. अचानक शाबासकी. आधी न सांगता दिलेली टाळी, शिक्का किंवा पेन्सिल. रोज नाही, आणि ठरल्याप्रमाणेही नाही.

६. हळूहळू कमी. सवय लागली की बक्षीस विरळ करायचे. सुरुवातीला बरणी आठवड्यात भरते, मग पंधरवड्यात, मग महिन्यात. शेवटी ती रिकामी राहिली तरी पाढे चालू राहिले पाहिजेत. तसे झाले नाही, तर आमच्या शिकवण्यात काहीतरी उणे आहे, असे आम्ही समजतो.

चॉकलेट आणि गोळ्या आम्ही बंद केल्या आहेत. दात आणि खर्च ही कारणे आहेतच, शिवाय घरी गेल्यावर मूल काय शिकलो ते सांगण्याऐवजी किती मिळाल्या ते सांगते.

पालकांनो, घरी एवढे करावे

"पहिला आलास तर सायकल घेईन" असे वचन कृपया देऊ नका. वर्षअखेर आठ वर्षांच्या मुलाला फार लांब वाटते, आणि पहिला येणे त्याच्या एकट्याच्या हाती नसते. सायकल घ्यायची असेल तर घ्या, पण गुणांशी बांधू नका. त्याऐवजी रोजचे दहा मिनिटांचे वाचन ठरवा आणि ते झाल्यावर पाच मिनिटे त्याच्याजवळ बसा. आपल्याला मराठी वाचता येत नसले तरी चालेल. मुलाकडून गोष्ट ऐका, आपल्या बोलीत ऐका. ऐकणारे कोणी असले की मूल वाचते. मोबाईल बक्षीस म्हणून देऊ नये, कारण त्यामुळे मोबाईल मोठा आणि पुस्तक छोटे ठरते. आणि शेजारच्या मुलाशी तुलना करायचीच असेल, तर आपल्याच मुलाच्या गेल्या महिन्याच्या वहीशी करा.

मुलांनो, तुमच्यासाठी एक उपक्रम

वहीच्या शेवटच्या पानावर सात चौकोन आखा. रोज झोपण्यापूर्वी एका चौकोनात एकच ओळ लिहा: 'काल येत नव्हते, आज आले.' ते कितीही छोटे असू दे. सातचा पाढा, पतंगाची गाठ, एखादा गुजराती शब्द, धाकट्याला झोपवणे, काहीही. एखाद्या दिवशी काही सुचले नाही तर चौकोन रिकामा ठेवा, खोटे लिहू नका. शनिवारी पान आम्हाला दाखवा. आम्ही गुण देणार नाही. आम्ही वाचू आणि तुमच्याशी बोलू.

विश्वस्त मंडळास विनंती

२ ऑगस्टचा मुक्तिदिन असो की वार्षिक स्नेहसंमेलन, बक्षीस समारंभ हा आपल्या मंडळींचा आवडता कार्यक्रम आहे आणि तो राहावा. मोठ्या वर्गांतल्या स्पर्धांना आमची हरकत नाही. फक्त पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक पुकारणे थांबवावे, अशी आमची नम्र विनंती आहे. त्या वयात व्यासपीठावर तीच तीन मुले जातात आणि बाकीची टाळ्या वाजवायला शिकतात. आपण सर्व मुलांना बोलावू. प्रत्येकाने वर्षभरात काय नवे मिळवले ते एका वाक्यात सांगू, आणि प्रत्येकाला एक छोटे मराठी पुस्तक देऊ. ढाली आणि करंडक यांच्यावरचा खर्च तिकडे वळवला, तर पुष्कळ काम भागेल. ज्या घरात आजवर गोष्टीचे एकही पुस्तक नव्हते, त्या घरात एक तरी पोहोचेल.

प्रत्येक मुलासाठी ते एक वाक्य शोधण्याची जबाबदारी आमची. ज्या मुलाबद्दल सांगायला आम्हाला काहीच सापडणार नाही, त्याच्याकडे वर्षभर आम्ही पाहिलेच नाही, असा त्याचा अर्थ होईल. पुठ्ठ्याचा तारा कापून आणणाऱ्या मुलाने आम्हाला एवढे शिकवले आहे. यंदाच्या संमेलनात त्याच्याबद्दलचे वाक्य आमच्याकडे तयार आहे: या मुलाने वर्षभर मधल्या सुट्टीनंतरची घंटा वेळेवर दिली, आणि जोडाक्षरे वाचायला शिकला.



आपले,
प्राथमिक विभागाचे शिक्षक